वसुलीची यादी छापण्याआधी

चेडवा, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून लागलीस, बरं झालं. मार्चअखेर जवळ आली की नमुना ९ च्या कर मागणी नोंदवहीवरून वाडीवार वसुलीची यादी मागतील. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी, प्रत्येकाची मागील बाकी आणि चालू मागणी असे रकाने वाढत जातात आणि छापताना 'एकूण बाकी' नेमकी दुसऱ्या पानावर जाते. तळेऱ्याच्या तिठ्यावर उभं राहून पानाला पान चिकटवणारी माणसं मी पाहिली आहेत. तू तसं करू नकोस, मॅक्रो लिही.

आधी एक गाठ मनात पक्की बांध. एक्सेलमध्ये झूम दोन आहेत. 'ॲक्टिव्हविंडो'चा झूम पडद्याचा. तो १० ते ४०० टक्के कितीही ठेव, कागदावर त्याचा काही परिणाम होत नाही. 'पेजसेटअप'चा झूम कागदाचा. नाव एकच असल्यामुळे भले भले पडद्यावर ७० करतात आणि छपाई का बदलत नाही म्हणून प्रिंटरवर राग काढतात.

पडद्याचा झूम ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोड. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची नजर वेगळी, तुझी वेगळी. फाइल उघडली की सगळ्यांचा पडदा १०० वर आणणारा मॅक्रो मला पसंत नाही. कागदाची मांडणी मात्र मॅक्रोनेच बांधून टाक, कारण तो कागद दारोदार जाणार आहे.

आता कागदाचं. पेजसेटअपमध्ये पहिल्यांदा झूमला 'फॉल्स' दे. ही ओळ राहिली तर पुढच्या दोन ओळींना एक्सेल दाद देत नाही. मग 'फिट टू पेजेस वाइड' १ आणि 'फिट टू पेजेस टॉल' परत फॉल्स. म्हणजे रुंदी एका पानात बसते आणि लांबी हवी तेवढी पानं घेते. टॉललासुद्धा १ दिलंस तर अख्खी वाडी एका पानात कोंबली जाईल आणि अक्षरं मोहरीएवढी होतील. रुंदी बसवूनही अक्षर बारीक वाटलं तर कागद आडवा कर, ए-फोरऐवजी लीगल घे. तरीही बारीक असेल तर रकाने कमी कर. वसुलीला जाणाऱ्या शिपायाला घर क्रमांक, नाव, बाकी आणि सहीची जागा एवढंच लागतं.

'प्रिंट टायटल रोज' विसरू नकोस. मथळ्याच्या ओळी तिथे नेमून दिल्या की प्रत्येक पानावर आपोआप येतात. नाहीतर चौथ्या पानावर कुठला आकडा पाणीपट्टीचा हे कोणाला कळणार?

वाडीमागे एक शीट असेल तर सगळ्या शीटवरून फिरणारं एकच आवर्तन लिही. पेजसेटअप शीट न उघडताही लागू होतं. पडद्याचा झूम बदलायचा झालाच तर शीट सक्रिय करावी लागते, आणि लपवलेली शीट सक्रिय होत नाही. म्हणून आधी शीट दिसते आहे का ते तपास.

आपल्या लोकांना हमखास नडतं ते हे: मॅक्रोच्या खिडकीत देवनागरी टंकलीस की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तळटीपेत वाडीचं नाव हवं असेल तर ते शीटवरच्या एखाद्या कप्प्यात लिहून ठेव आणि मॅक्रोला तिथून उचलायला सांग. शीटचं नाव मराठीत असेल तर तिला क्रमांकाने हाक मार.

पेजसेटअपची एकेक ओळ प्रिंटरशी बोलते, म्हणून काम रेंगाळतं. एक्सेल २०१० पासून 'प्रिंटकम्युनिकेशन' आहे. सुरुवातीला ते बंद कर, शेवटी चालू कर, सगळ्या सूचना एकदम जातात. संगणकावर एकही प्रिंटर बसवलेला नसेल तर याच ओळींवर चूक दाखवली जाते. तेव्हा कोड शोधत बसू नकोस, आधी प्रिंटर बघ.

स्पेलिंग पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. मॅक्रो रेकॉर्ड कर, हाताने एकदा पान लाव आणि काय लिहिलं गेलं ते ऑल्ट-एफ-११ दाबून वाच. रेकॉर्डर नको त्या ओळीही भरपूर लिहितो, त्या काढून टाक. फाइल 'एक्सएलएसएम' प्रकारात साठव, साध्या प्रकारात मॅक्रो उरत नाही. आणि चालवण्याआधी प्रत काढ, कारण मॅक्रोने केलेलं कंट्रोल-झेडने मागे फिरत नाही.

सगळी यादी छापण्याआधी एकच पान काढ, वसुलीला जाणाऱ्या शिपायाच्या हातात दे आणि चष्म्याशिवाय वाचता येतं का ते विचार. तो 'होय' म्हणाला की मगच बाकीची पानं सोड.