गर्भाशयातल्या 'मारक' पेशी नेमकं काय करतात?



दहावीला 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' शिकवताना टेस्ट ट्यूब बेबीचा भाग आपण पाच मिनिटांत उरकतो. अंडपेशी काढली, काचेच्या बशीत शुक्रपेशीशी मीलन घडवलं, भ्रूण गर्भाशयात सोडलं, झालं! खरी परीक्षा तर त्यापुढे असते. सोडलेलं भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला हवं, आणि दिसायला उत्तम असलेलं भ्रूणही पुष्कळदा रुजत नाही. असं दोन-तीनदा झालं की जोडप्याला कुणीतरी सांगतं, "तुमच्या एनके सेल्स वाढल्यात, त्या भ्रूणाला मारतात." आपल्या स्टाफरूममधल्या एखाद्या ताईनेही हे ऐकलेलं असू शकतं. त्या दिवसापासून ती स्वतःच्या शरीरालाच गुन्हेगार समजू लागते. म्हणून हा विषय जरा सविस्तर बघू या.

आधी एक कोडं. दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर ती नाकारायला बघतं आणि त्यासाठी औषधं घ्यावी लागतात. भ्रूणातली निम्मी जनुकं तर वडिलांची, म्हणजे आईच्या शरीराला परकीच. मग ते नऊ महिने टिकतं कसं? हा प्रश्न 1953 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी मांडला. प्रश्न फार मोलाचा होता, पण त्यामुळे गर्भधारणा म्हणजे आई विरुद्ध भ्रूण अशी लढाई, हे चित्र लोकांच्या डोक्यात बसलं. दात्या स्त्रीच्या अंडपेशीपासून केलेलं भ्रूण जवळजवळ पूर्णच परकं असतं, तरीही ते रुजतं आणि वाढतं, हे इथे लक्षात घ्या.

आता नावाचा घोळ. 1975 च्या सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांना उंदरांच्या प्लीहेत अशा पेशी सापडल्या, ज्या आधीची काही ओळख नसताना कर्करोगाच्या पेशी मारत होत्या. म्हणून नाव पडलं 'नॅचरल किलर', थोडक्यात एनके. पुढे गर्भाशयात त्यांच्याच कुळातल्या पेशी आढळल्या आणि त्यांनाही तेच नाव चिकटलं. वागणूक मात्र फार वेगळी. रक्तातल्या बहुतेक एनके पेशी मारण्यात पटाईत, तर गर्भाशयातल्या त्या कामात अगदीच मंद.

अंडपेशी बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अस्तरात या पेशींची संख्या दिवसागणिक चढत जाते. गर्भ राहिला नाही तर पाळीबरोबर अस्तर गळतं आणि त्याही जातात. गर्भ राहिला तर सुरुवातीच्या आठवड्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण 70 टक्के याच असतात. त्या खरंच भ्रूण मारायला बसल्या असत्या, तर आपण कुणी जन्मलोच नसतो!

त्यांचं काम शेतात दारं धरणाऱ्या माणसासारखं. कोवळ्या रोपाला पाणी भरपूर लागतं, पण जोरात सोडलं तर रोप उपटून येतं; पाट रुंद करून संथ सोडावं लागतं. गर्भाशयातल्या धमन्या बारीक आणि नागमोडी असतात. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी अस्तरात शिरतात, एनके पेशी त्यांच्यावरच्या खुणा ओळखतात आणि रासायनिक संदेश सोडतात. दोघी मिळून धमन्यांच्या भिंतीतला स्नायू सैल करतात, धमनी रुंद होते, आणि वारेला संथ पण भरपूर रक्त मिळतं. एनके पेशी नसलेल्या उंदीर-माद्यांना गर्भ राहतो, पण त्यांच्या धमन्या नीट रुंद होत नाहीत. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या संशोधनातही दिसलं, की आईच्या एनके पेशींना फार लगाम बसेल अशी आई आणि बाळाच्या जनुकांची जोडी असेल, तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा विकार जास्त आढळतो. म्हणजे इथे तक्रार पेशी कमी पडल्याची आहे!

मग तपासणीचं काय? रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयातल्यांबद्दल काही कळत नाही. अस्तराचा तुकडा काढून मोजल्या, तरी आकडा चक्राच्या दिवसावर अवलंबून असतो आणि 'नॉर्मल' किती यावर एकमत नाही. तरीही त्या आकड्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या, सोयाबीन तेलाचं इन्ट्रालिपिड सलाइन, महागडी इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं सुचवली जातात. ब्रिटनमधल्या वंध्यत्व-उपचारांच्या नियामक संस्थेने अशा उपचारांना लाल रंगाच्या यादीत टाकलंय. स्टेरॉइडने साखर वाढू शकते, जंतुसंसर्गाचा धोका असतो. माझं मत विचाराल तर, पालकांच्या घाबरलेपणावर चालणारा हा व्यवहार आहे.

भ्रूण न रुजण्याचं नेहमी सापडणारं कारण साधं असतं: भ्रूणातच गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढतं. त्यात त्या बाईचा दोष नसतो, हे तिच्या सासरच्यांनाही सांगायला हवं.

प्रतिकारशक्तीचं सगळंच थोतांड, असं मात्र समजू नका. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडतात. ती तपासणी ठरलेली आहे, बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात, आणि ॲस्पिरिन व हेपारिनचा उपचारही आहे. तेव्हा कुणी विचारलंच तर त्या ताईला म्हणा, डॉक्टरांना आधी हे विचार: कुठली तपासणी, कशासाठी, आणि निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल तर ती करायचीच कशाला?