सॅक्सोफोनची शिकवणी लावण्याआधी

मला सुरुवातीला शिकवणारे सर स्वतः वाजवायचे झकास. ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या वराती यांत त्यांची हयात गेलेली. मनोहारी सिंगांनी हिंदी सिनेमात वाजवलेले तुकडे ते डोळे मिटून काढत. शिकवण्याची रीत मात्र एकच: पहिल्या आठवड्यापासून गाणं, चाव्यांचे आकडे वहीत, आणि तीन महिन्यांची फी आगाऊ. लग्नसराईत सर सुपारीवर जात आणि माझे तास बुडत.

तरी गाणी बसली. मग सोसायटीच्या गणेशोत्सवात पेटीवाल्याने पांढरी एक धरली, मी वहीतलं गाणं सुरू केलं, आणि दोघांचं काही जुळेना. अल्टो सॅक्सोफोनवर 'सी' वाजवला की ऐकू येतो काळी दोनचा सूर. तीच बोटं टेनरवर ठेवली की काळी पाच. पांढरी एकशी जुळवायचं तर अल्टोवर 'ए'ला सा मानावं लागतं. सर टेनरवाले, मी अल्टोवाला. तासाला आम्ही कधी एकत्र वाजवलंच नाही, त्यामुळे हा फरक कानावर पडायची वेळच आली नाही.

पुढे ज्या बाईंकडे गेलो, त्यांनी पहिला तास फक्त माउथपीस आणि नेकवर घेतला. खालचा ओठ दातांवर किती घ्यायचा, गाल का फुगू द्यायचे नाहीत, श्वास पोटातून कसा सोडायचा, एवढंच. माझी तीन नंबरची रीड काढून त्यांनी दोनची लावली आणि ओठ दुखायचा थांबला. मग स्वतःचं माउथपीस लावून माझं वाद्य वाजवलं. अगदी खालचे सूर त्यांनाही धड निघेनात, तेव्हा कळलं की पॅड गळतायत. इतके दिवस मी माझ्या फुंकीला दोष देत होतो!

बोटं कुठे ठेवायची हे व्हिडिओ बघूनही कळतं. शिक्षकाला पैसे द्यायचे ते त्याच्या कानांचे आणि नजरेचे. म्हणून चौकशीला जाल तेव्हा 'किती दिवसांत गाणं येईल?' हे विचारू नका. ते कोणीही सांगेल. त्याऐवजी विचारा: तुम्ही अल्टो शिकवता की टेनर? लांब सूर रोज किती वेळ करून घेता? स्टाफ नोटेशन शिकवता की सरगम? परीक्षा द्यायची असेल तर नोटेशनशिवाय गत्यंतर नाही. भजनात, मैफलीत साथ करायची असेल तर पट्टी बदलून वाजवता यायलाच हवं.

वाद्य आधी घेऊ नका. जुनं घ्यायचं झालं, तर ते विकून देणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराकडून वाजवून बघा, खालच्या 'बी फ्लॅट'पर्यंत. माउथपीस आणि रीड मात्र स्वतःचीच हवी. दुसऱ्याची तोंडाला लावू नये.

फी महिन्याची द्या, आणि बुडालेला तास भरून मिळणार का, हे आधीच ठरवा. त्याआधी एका तासाचे पैसे देऊन बसून बघा. त्या तासात शिक्षकाने तुमच्या ओठांकडे एकदाही पाहिलं नाही, तर महिन्याच्या फीत चांगल्या रीडचं एक पाकीट घ्या आणि दुसरं दार ठोठावा.