कथेचा धागा व कथेचा सूर

मोठी कथा एका तोंडाने कधीही सांगून पुरी होत नाही. ती आजी सांगते, कीर्तनकार सांगतो, पुस्तक सांगते, आणि सांप्रत घरोघरचा पडदाही सांगतो. एकच कथा अशी अनेकांच्या हाती गेली म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळते किंवा नाही? दुसरा असा की, सर्व तपशील जुळूनही ती कथा तीच वाटते किंवा नाही? पहिल्या गुणास आम्ही या लेखात कथेचा धागा म्हणू आणि दुसऱ्यास कथेचा सूर म्हणू. हे दोन गुण निरनिराळे आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ वाद व्यर्थ वाढतात.

आमचे विद्यार्थी मधल्या सुट्टीत ज्या गोष्टींवर हिरिरीने वाद घालतात, त्यांत ‘स्टार वॉर्स’ नामक आकाशयुद्धांच्या मालिकाही असतात. अमुक मालिकेत दाखविलेले तमुक चित्रपटाशी जुळत नाही, अशी तक्रार एकाने करावी व दुसऱ्याने तिचे खंडन करावे, असा हा प्रकार असतो. पालकांस ही निव्वळ रिकामटेकडी चर्चा वाटणे साहजिक आहे. परंतु आमच्या मते ही मुले नकळत एक फार जुना अभ्यास करीत आहेत. त्या अभ्यासाचा आरंभ आपल्या गावापासूनच करणे बरे.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कथा या भागातील बहुतेक मुलांनी ऐकलेली आहे. देवीचे मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर. एक गरोदर भक्तीण दर्शनास्तव डोंगर चढू लागली; परंतु चढ उभा, अंगात त्राण नाही, म्हणून ती वाटेतच गळून पडली. तेव्हा देवीस तिची दया आली आणि भक्तांचे कष्ट वाचावेत म्हणून ती स्वतः पायथ्याशी येऊन राहिली. आज पायथ्याशी मोठे मंदिर आहे व वर डोंगरावरही देवीचे स्थान आहे. चैत्री पौर्णिमेस यात्रा भरते, सुमारे पंधरवडाभर चालते, आणि मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी त्या अवघड शिखरावर ध्वज लावतो.

आता या कथेची घडण पाहा. कोणी सांगताना भक्तिणीचे गाव बदलील, कोणी देवी स्वप्नात बोलली म्हणेल, कोणी साक्षात प्रकटली म्हणेल. इतक्याने कथा मोडत नाही. परंतु एखाद्याने डोंगराचा चढच सोपा केला, तर देवीस खाली येण्याचे कारण उरत नाही. म्हणजे काही तपशील हे अंगावरील वस्त्रासारखे असतात. ते बदलले तरी चालते. काही मात्र हाडांसारखे असतात. त्यांतील एक काढले की सर्व शरीर कोसळते. विवळवेढ्याच्या कथेला तर एक साक्षीदारही आहे. डोंगर समोर उभा आहे, मंदिर पायथ्याशी आहे व ध्वज दर वर्षी वर चढतो. सांगणारा चुकला तर ऐकणाऱ्याने मान वर करून पाहावे, एवढे पुरे आहे.

सुराचे उदाहरणही याच देवीच्या कथांत सापडते. वनवासातील भीम देवीवर मोहित झाला, तेव्हा तिने एका रात्रीत सूर्या नदीस बांध घालण्याची अट त्याला घातली. आणि काम पुरे होत आले असता स्वतःच कोंबड्याप्रमाणे आरवून पहाट झाल्याचा भास निर्माण केला, अशीही कथा या बाजूस सांगतात. पहिल्या कथेत देवी दयाळू आहे. दुसरीत ती चतुर आहे. पहिली ऐकून डोळे भरून यावेत, दुसरी ऐकून हसू यावे. तरीही या दोहोंत विरोध नाही. कारण प्रसंग निराळे आहेत आणि दोन्हीकडे देवी आपल्याच बुद्धीने निर्णय घेणारी आहे. परंतु भक्तिणीच्या कथेत कोणी कोंबड्याचा विनोद आणला, तर एकही तपशील न बदलता ती कथा बिघडेल. यावरून असे दिसते की, सूर प्रसंगानुसार बदलू शकतो. प्रसंगाविरुद्ध मात्र बदलू नये.

दुसरे उदाहरण वारली चौकाचे. लग्नघरी गेरूने अथवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक मांडतात. वारली लोक चौक काढला असे न म्हणता लिहिला असे म्हणतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या चौकात पालघट देवी असावीच लागते आणि धवलेरी आपल्या गाण्यांनी देवदेवतांस पाचारण करते. चौकाची नक्षी हातागणिक बदलते, झाडे व माणसे कमीअधिक होतात. परंतु पालघट नाही तर चौक नाही. पुढे डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी, इसवी सन १९७० नंतरच्या काळात, ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मासेमारीचे जाळे आहे, शेत आहे, तारप्याभोवतीचा नाच आहे. आकृत्या त्याच, त्रिकोणांचा देह तोच. परंतु लग्नचौक ही पूजा होती आणि हे चित्र पाहण्यासाठी आहे. कागदावरील चित्रास कोणी लग्नाचा चौक म्हणत नाही व चौकाला कोणी शोभेचे चित्र म्हणू नये. धागा एक असूनही स्थान बदलले की सूर बदलतो, हे येथे उघड दिसते.

तिसरे उदाहरण अवघ्या महाराष्ट्राचे आहे. रामकथा मराठीत एकनाथांनी भावार्थ रामायणात सांगितली व त्यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ गावबा यांनी पुरा केला. श्रीधरांनी रामविजयात सांगितली. मोरोपंतांनी तर नाना युक्त्या योजून अनेक रामायणे रचली. पुढे १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची गीते व सुधीर फडके यांचे संगीत अशी ही छप्पन गीतांची मालिका वर्षभर दर आठवड्यास चालली. प्रत्येक गीत कथेतील कोणा एका पात्राच्या तोंडी आहे आणि ते निरनिराळ्या गायकांनी गायिले. पात्रे अनेक व गळे अनेक असतानाही ऐकणाऱ्यांस ती एकच कथा वाटली. कारण शब्द एका कवीचे होते, चाली एका संगीतकाराच्या होत्या आणि श्रोत्यांना मूळ कथा अगोदरच पाठ होती. शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. जेथे ऐकणारा जाणता असतो, तेथे सांगणारा सावध राहतो.

या तयारीनिशी आता त्या आकाशयुद्धांकडे वळू. जॉर्ज ल्यूकस यांचा पहिला चित्रपट १९७७ साली आला. त्यापाठोपाठ चित्रपट, कादंबऱ्या, चित्रकथा व खेळ यांचा एवढा पसारा वाढला की, कोणत्या पात्राविषयी कोठे काय सांगितले आहे, याची नोंद ठेवण्यासाठी २००० साली स्वतंत्र माहितीकोश सुरू करून त्यावर एक मनुष्य नेमावा लागला. २०१२ साली डिस्ने कंपनीने हा सर्व व्यवसाय चार अब्ज डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतला. आणि एप्रिल २०१४ मध्ये असे जाहीर झाले की, चित्रपट व ‘द क्लोन वॉर्स’ ही मालिका तेवढी प्रमाण समजावी, जुन्या कादंबऱ्या वगैरे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, समजाव्यात. विद्यार्थ्यांनी याचे नवल करावे. आमच्याकडे कोणती कथा खरी, हे गाव ठरविते. तेथे ते कंपनीने ठरविले.

तेव्हापासून निघालेल्या मालिकांत आमच्या दोन्ही कसोट्या लावून पाहाव्यात. २०२२ सालच्या ‘ओबी-वान केनोबी’ या मालिकेत हा वीर दहा वर्षांच्या राजकन्या लिआ हिची सुटका करतो. परंतु १९७७ च्या चित्रपटात तीच लिआ मोठी झाल्यावर त्याला निरोप पाठविते, तेव्हा आपल्या पित्याच्या जुन्या ओळखीचा आधार घेते. आपली भेट कधी झाली नव्हती, असे ती कोठेच म्हणत नाही. शिवाय निरोप शत्रूच्या हाती पडण्याचे भय असता जुना स्नेह लपविणे शहाणपणाचेच होय. म्हणून धागा तुटला असे म्हणता येत नाही. तथापि तो निरोप एका अनोळखी वृद्धास उद्देशून असल्यासारखा वाटतो, ही गोष्टही खोटी नाही. म्हणजे नवी घटना अक्षराने बसते व सुराने अवघडते. वाद घालणारे दोघेही विद्यार्थी आपापल्या परीने बरोबर असतात; त्यांतील एक धाग्याविषयी बोलत असतो व दुसरा सुराविषयी.

२०२४ सालच्या ‘द अकोलाइट’ या मालिकेत, १९९९ च्या चित्रपटाच्या सुमारे शंभर वर्षे आधीच्या काळात, की-आदी-मुंडी हे पात्र दिसले. जुन्या साहित्यात दिलेल्या जन्मवर्षाप्रमाणे तो तेव्हा जन्मलेलाच नव्हता. ते साहित्य २०१४ सालीच बाजूस ठेवलेले असल्यामुळे कंपनीच्या वहीप्रमाणे चूक झाली नाही. तरी पुष्कळ प्रेक्षक रुष्ट झाले. वही बदलता येते, ऐकणाऱ्याचे स्मरण एका आज्ञेने पुसता येत नाही, हा यातील बोध होय. उलट ‘अँडोर’ ही मालिका पाहा. २०२२ व २०२५ या वर्षी मिळून तिचे चोवीस भाग झाले. तीत तेजस्वी तलवारींचे द्वंद्व नाही. बंदिवास, हेर, कचेऱ्यांतील भीती व सामान्य माणसांचा त्याग यांचेच चित्र आहे. सूर इतका निराळा असूनही ती २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटाच्या दाराशी नेमकी येऊन थांबते, आणि मूळ कथेतील जुलमी साम्राज्य इतके भयंकर का होते, हे आता कोठे कळले असे पाहणाऱ्यास वाटते. सूर बदलणे हा दोष नाही. ज्या बदलाने मूळ कथा अधिक उलगडते, तो बदल कथेचाच असतो.

येथे विद्यार्थी विचारतील की, मग आमच्या गावच्या कथेची वही कोणाजवळ आहे? उत्तर सोपे व चिंताजनक आहे. ती वही कोणाजवळही नाही. धवलेरीची गाणी, भगताच्या कथा, यात्रेच्या वाटेवर सांगितलेली देवीची गोष्ट, यांचा माहितीकोश म्हणजे सांगणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे स्मरण एवढाच आहे. आजी चुकली तर “नाही आजी, मागच्या वेळी तू असे सांगितले होतेस,” असे म्हणणारे नातवंड हाच त्या कोशाचा रखवालदार. परदेशातील एका चित्रपटातील निरोप कोणास उद्देशून होता, हे ज्या मुलाला तोंडपाठ आहे, त्याला मुसळ्या डोंगरावरून देवी खाली का आली, हे सांगता येऊ नये, यात दोष त्याच्या बुद्धीचा नाही. बुद्धी तीच, चिकाटी तीच. ती लावण्यास आम्ही मोठ्या माणसांनी त्याला जागा दिली नाही. धवलेरीचे गाणे ऐकणारे उरले नाही, तर ते चुकीचे गायिले जाईल ही भीती नव्हे. ते गायिलेच जाणार नाही, ही भीती आहे.

म्हणून या मोठ्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक काम करावे. घरातील अथवा पाड्यावरील वडीलधाऱ्या माणसाकडून एक कथा ऐकून ती लिहून काढावी. कोणी सांगितली, कोठे, केव्हा व कोणत्या प्रसंगी सांगितली, हे वर लिहावे. तारखेस क्षुल्लक समजू नये. विवळवेढे जुन्या लेखांत ठाणे जिल्ह्यात सापडेल व नव्या लेखांत पालघर जिल्ह्यात; दोन्ही खरे आहेत, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निराळा झाला. लेखास तारीख असेल तर हा विरोध क्षणात मिटतो, नसेल तर पुढील वाचक व्यर्थ घोटाळ्यात पडतो. दोन माणसांनी कथा दोन प्रकारे सांगितली, तर त्यांचे मिश्रण करून तिसरी बनवू नये. दोन्ही शेजारी शेजारी लिहाव्यात आणि मग दोहोंत काय कायम राहिले, ते शोधावे. जे कायम राहिले, ते त्या कथेचे हाड. शेवटी, सांगणारा कोठे हसला, कोठे थांबला व कोठे त्याचा आवाज खाली आला, हेही एका ओळीत नोंदवावे. कारण सूर कागदावर आपोआप उतरत नाही.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने विचारले असता “जुन्या गोष्टी आता कशाला?” असे म्हणू नये. दिवसभराच्या कष्टानंतर अर्धी घटका काढून त्याला सांगावे. आणि त्याने मध्येच अडवून चूक दाखविली, तर रागावू नये. त्या क्षणी वही त्याच्या हाती गेली, असे समजावे.