साथीनंतरची शाळा : आपत्कालीन निधी आणि भरून काढावयाची झीज

दीर्घ अतिसारातून किंवा गोवरातून उठलेल्या बालकाला पूर्वीइतकाच आहार दिला, तर त्याचे वजन पूर्वीच्या रेषेवर परत येत नाही, हे आपणा वैद्यक व्यावसायिकांना निराळे सांगावयास नको. झीज भरून यावी, म्हणजे ज्याला आपण 'कॅच-अप ग्रोथ' म्हणतो ती साधावी, यासाठी काही काळ नेहमीपेक्षा अधिक उष्मांक, अधिक प्रथिने आणि अधिक निगराणी लागते. ताप उतरला एवढ्यावर समाधान मानून त्याला घरी धाडणारा चिकित्सक आपले अर्धेच काम करतो. बालरोगचिकित्सेतील हा साधा नियम कोरोनाच्या साथीतून बाहेर पडलेल्या आपल्या शाळांना लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. शासनाने शाळांसाठी आपत्कालीन निधी दिला की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो केव्हा दिला आणि कोणत्या कामासाठी दिला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अठरा महिन्यांचे उपोषण

मध्य प्रदेशातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या. पहिली ते पाचवीचे वर्ग निम्म्या उपस्थितीने पुन्हा भरू लागले ते २० सप्टेंबर २०२१ रोजी. अठरा महिन्यांचा हा काळ सहा वर्षांच्या बालकाच्या आयुष्याचा चौथा भाग होय. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे काही दिवस दारे पुन्हा मिटली, ती निराळीच.

या काळात शासन स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ जुलै २०२० पासून राज्यात 'हमारा घर हमारा विद्यालय' हा उपक्रम सुरू झाला. सकाळी दहा वाजता घरातील वडीलधाऱ्याने घंटा किंवा थाळी वाजवावी आणि मुलांनी घरीच अभ्यासास बसावे, अशी ती कल्पना होती. 'डिजीलेप'द्वारे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठ पाठवले जात. आकाशवाणीवरून 'रेडिओ स्कूल' चालत असे. परंतु परदेशीपुऱ्यासारख्या गिरणी भागातील एका खोलीच्या घरात तीन मुले आणि एक मोबाइल असेल, आणि तो मोबाइलही वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर पाठ कितीही उत्तम असला तरी तो मुलापर्यंत पोहोचणार कसा?

झीज किती झाली, याचे मोजमाप उपलब्ध आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशासह पाच राज्यांतील ४४ जिल्ह्यांत, शासकीय शाळांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी अवगत असलेले भाषेतील किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले गमावून बसली होती. गणितात हेच प्रमाण ८२ टक्के होते. हे विसरणे होते. या काळात जे शिकायचेच राहून गेले, ते याहून वेगळे. पुढे 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीत असे आढळले की, तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर उतरले.

निधीचा आलेख

आता आहाराकडे, म्हणजे पैशाकडे वळू. शालेय शिक्षणासाठी केंद्राची प्रमुख योजना 'समग्र शिक्षा' ही आहे. मध्य प्रदेशात तिच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३८,७५१ कोटी रुपयांची तरतूद होती. त्याच वर्षीच्या सुधारित अंदाजात ती २७,९५७ कोटींवर आली. म्हणजे साथीच्या पहिल्याच वर्षात रुपयातील सुमारे अठ्ठावीस पैसे कमी झाले. २०२१-२२ ची मूळ तरतूद ३१,०५० कोटी, तर २०२२-२३ ची ३७,३८३ कोटी रुपये होती. साथीपूर्वी आखलेल्या ३८,७५१ कोटींचा आकडा ओलांडावयास २०२५-२६ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला. त्यात ४१,२५० कोटी दाखविले गेले. मधल्या काळातील महागाई मी येथे जमेस धरलेलीच नाही.

याला कारणे होती. कर-उत्पन्न घटले होते, रुग्णालये व लसीकरण यांना अग्रक्रम देणे भाग होते, आणि शाळाच बंद असल्याने मंजूर रक्कम खर्च होत नव्हती. हिशेबाच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. पण इमारत बंद असताना विजेचे देयक कमी येते. मुलाची झीज मात्र वाढतच असते आणि तिचे देयक पुढे येते. शिवाय याच काळात शासकीय शाळांवरील भार वाढला. 'असर'नुसार ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील शासकीय शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले. खाजगी शाळेचे शुल्क न परवडणारी कुटुंबे शासकीय शाळेच्या दारी आली, त्या वेळी तेथील कोठार आधीपेक्षा रिते होते.

'आपत्कालीन' या शब्दाचा अर्थ

भारतात शाळांसाठी 'आपत्कालीन' हा शब्द स्पष्टपणे योजणारी तरतूद 'स्टार्स' या प्रकल्पात आहे. जागतिक बँकेने जून २०२० मध्ये त्यासाठी ५० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले आणि १४ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,७१८ कोटी रुपयांच्या या प्रकल्पास संमती दिली. त्यातील सहा राज्यांत मध्य प्रदेश व महाराष्ट्र हे दोन्ही आहेत. साथीमुळे किंवा अन्य आपत्तीमुळे शाळा बंद पडल्यास दूरस्थ शिक्षणासारख्या उपायांकडे रक्कम तातडीने वळविता यावी, यासाठी त्यात आकस्मिक प्रतिसादाचा एक घटक ठेवलेला आहे. मात्र ही निराळी भरलेली तिजोरी नव्हे. मंजूर रकमेचे वर्गीकरण शीघ्र बदलता यावे, अशी ती मुभा आहे. औषधाच्या कपाटाची किल्ली परिचारिकेच्या हाती असणे जितके उपयुक्त, तितकीच ही सोय उपयुक्त आहे. पण कपाटात औषध किती आहे हा प्रश्न त्याने सुटत नाही.

भोजनाचेही तसेच. शाळा बंद होताच मध्यान्ह भोजन थांबले. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांनी कोरडा शिधा व अन्नसुरक्षा भत्ता देण्यास प्रारंभ केला. मे २०२१ मध्ये केंद्राने ११.८ कोटी मुलांच्या खात्यांत एकवार मदत म्हणून १,२०० कोटी रुपये जमा करण्याचे घोषित केले. धान्याव्यतिरिक्तची ही रक्कम डोकीमागे शंभर रुपयांच्या आसपास येते. घोषणेतील मोठा आकडा मुलांच्या संख्येने भागून पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी. मिलिग्रॅमची मात्रा आपण रुग्णाच्या वजनाने भागून पाहतोच.

एका शाळेच्या हाती प्रत्यक्षात काय येते, तेही पाहू. 'समग्र शिक्षे'तील संमिश्र शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते. ३१ ते १०० मुलांच्या शाळेस वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत आणि १०१ ते २५० मुलांच्या शाळेस ५०,००० रुपयांपर्यंत मिळतात. म्हणजे १२० मुलांच्या शाळेत मुलामागे महिन्याला सुमारे पस्तीस रुपये. त्यातच वीज, खडू, डागडुजी आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. मागे पडलेल्या मुलांसाठी निराळा शिक्षक यातून नेमता येत नाही.

परदेशातील आणि शेजारचा अनुभव

अमेरिकेने मार्च २०२०, डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मधील तीन कायद्यांद्वारे शाळांसाठी अनुक्रमे १,३२० कोटी, ५,४३० कोटी आणि १२,२०० कोटी डॉलर दिले. तिसऱ्या कायद्यात स्थानिक शिक्षण मंडळांना मिळालेल्या रकमेपैकी किमान पाचवा हिस्सा अभ्यासातील झीज भरून काढण्यासाठीच खर्चावा, असे बंधन होते. ही अट आपण विशेष ध्यानात घ्यावी. तरीही उरलेली मोठी रक्कम इमारती, हवा खेळती ठेवणारी यंत्रे व वेतन यांकडे वळली, आणि पुढील अभ्यासांत मुलांच्या प्रगतीवरील परिणाम निश्चित, पण लहानसा दिसला. इंग्लंडमध्ये शासनाने नेमलेले सल्लागार सर केव्हन कॉलिन्स यांनी जून २०२१ मध्ये राजीनामा दिला. गरजेच्या मानाने १४० कोटी पौंडांची नवी तरतूद अगदीच तोकडी आहे, असे त्यांचे मत होते. श्रीमंत देशांतही रकमेवरून आणि विनियोगावरून वाद झाले, हे यावरून दिसते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र आपल्याच देशातील आहे. तामिळनाडूने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'इल्लम थेडी कल्वी' ही योजना आरंभिली. नावाचा अर्थ 'दारी आलेले शिक्षण'. प्रारंभीची तरतूद २०० कोटी रुपयांची; वस्तीतीलच स्वयंसेवक, बहुतेक महिला, महिना १,००० रुपये मानधनावर शाळा सुटल्यावर मुलांना शिकवीत. त्या राज्याच्या ग्रामीण भागातील सुमारे १९,००० मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत झीजेपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भरून निघाली आणि त्या भरपाईतील सुमारे चौथा हिस्सा या योजनेच्या खात्यावर जमा होतो.

उत्तर प्रदेशात 'प्रथम' या संस्थेने साथीपूर्वीच घेतलेल्या शिबिरांनीही हेच दाखविले होते. तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून पन्नास दिवसांत त्यांच्या वाचनात व गणितात लक्षणीय सुधारणा झाली. निदान करा, पातळीनुसार मात्रा ठरवा, पुन्हा तपासा : आपल्याच चिकित्सापद्धतीचे हे शैक्षणिक रूप होय. त्यासाठी लागणारा खर्च यंत्रांवर कमी आणि माणसांच्या वेळेवर अधिक होतो. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षकांना टॅबलेटसाठी १०,००० रुपये दिले गेले. त्यास माझा विरोध नाही. पण टॅबलेट वर्गात आल्याने मागे पडलेल्या मुलाजवळ बसणारे माणूस वाढत नाही.

इंदूरची एक जुनी आठवण

इंदूरला साथ नवी नाही. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पाचारण केलेले पॅट्रिक गेडिस १९१७-१८ च्या सुमारास येथे असताना शहर प्लेगने त्रस्त होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूकच स्वच्छतेच्या मोहिमेत बदलून टाकली. प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा त्या मिरवणुकीत निघाली आणि लोकांनी आपापली घरे व गल्ल्या झाडून काढल्या. १९१८ मध्ये दरबारास सादर झालेल्या त्यांच्या अहवालात नाले, घरे व बागा यांच्या बरोबरीने इंदूरसाठी विद्यापीठाचाही विस्तृत विचार आहे. साथ हटविणे एवढेच काम न मानता, साथीने उघडे पाडलेले जुने दुखणे त्याच वेळी बरे करावे, ही दृष्टी त्यामागे होती. वाचता न येणारी मुले २०१८ मध्येही होतीच. साथीने ती संख्या वाढवून आपल्यापुढे मांडली, इतकेच.

आपण काय करू शकतो

२०२४ च्या 'असर'मध्ये तिसरीचे वाचनाचे प्रमाण २७.१ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ साथीपूर्वीच्या पातळीवर आले. शिक्षकांच्या श्रमाचे हे फळ आहे आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. पण ही सरासरी नव्याने तिसरीत आलेल्या मुलांची आहे. शाळा बंद असताना जी मुले पहिली-दुसरीत होती ती पुढच्या वर्गांत सरकली; २०२४ च्या तिसरीत ती नव्हतीच. पोटदुखी वा डोकेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या, तपासणीत काहीही न सापडणाऱ्या या वयाच्या मुलास मी आता एक परिच्छेद वाचून दाखवावयास सांगतो. कित्येकदा निदान तेथेच होते.

आपल्या सदस्यांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली : आपल्या दवाखान्यानजीकच्या एका शासकीय शाळेत वर्षातून दोनदा दृष्टी, श्रवण आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करावी आणि 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'च्या पथकास पूरक ठरावे. फळा न दिसणाऱ्या मुलावर खर्चलेला शैक्षणिक निधी वाया जातो. दुसरी : शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शासकीय शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेची विकास योजना तीच तयार करते. अनुदानाचा आधार ही योजना असावी, असे कायदाच सांगतो. शाळेकडून जिल्ह्यास, तेथून भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्रास आणि पुढे दिल्लीस जाणाऱ्या मागणीचा उगम या कागदात आहे. तो कागद नीट लिहिण्यास पालकांना साहाय्य करणे हे सुशिक्षित शेजाऱ्याचे काम आहे. तिसरी : आपल्या समाजातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची संख्या मोठी आहे. त्यांनी शाळेच्या संमतीने आठवड्यातून तीन दिवस एक तास, पातळीनुसार केलेल्या लहान गटांना वाचन शिकवावे. त्यांच्या जाण्या-येण्याचा व साहित्याचा खर्च आपल्या संस्थेने उचलावा.

यामुळे शासनाची जबाबदारी कमी होत नाही. पुढील साथ येईल तेव्हा शाळांची तरतूद कापण्याऐवजी राखून ठेवावी आणि शाळा उघडल्यावरच्या दोन वर्षांत ती वाढवून द्यावी, अशी मागणी आपल्यासारख्या संस्थांनी आताच लेखी नोंदविली पाहिजे. साथ चालू असताना आपले म्हणणे ऐकावयास कोणाला सवड नसते, हा अनुभव आपण सर्वांनी २०२० मध्ये घेतलेला आहे.