रोजच्या प्रवासाचा हिशेब

कामाचे ठिकाण किती दूर, असे शहरातील माणसास विचारले तर तो किलोमीटर सांगत नाही. "दीड तास" असे सांगतो. आमच्या मते त्याचेच माप खरे. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांस अंतर व वाहन विचारले गेले, वेळ नाही.

वाहन वेगवान झाले की वेळ वाचेल, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईचा अनुभव निराळा आहे. ज्या १९२८ साली आपल्या बारडोलीचा सत्याग्रह गाजला, त्याच वर्षी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. १९३६ साली ती विरारला पोचली. गाडी जिथवर गेली तिथवर वस्ती गेली. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असे मांडले की, माणूस सर्व काळी रोज सुमारे एक तासच प्रवासास देतो. वेग वाढला की वेळ वाचत नाही, शहर पसरते.

पण मुंबईत तो तासही पुरत नाही. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. घरापासून फलाट, गाडीची वाट, पुढची पायपीट धरून एका फेरीस दोन तास धरा. दिवसाचे चार, ३०० दिवसांचे १२०० तास, म्हणजे वर्षाकाठी पन्नास अहोरात्र!

हा हिशेब आता आपल्या दाराशी आला आहे. आपली मुले शिकण्यासाठी रोज सुरतेस जातात. एका फेरीस दीड तास धरला, तर २२० दिवसांत ६६० तास होतात. मुलगा मगरिबनंतर परतला तर घरात कोणी बोलत नाही. मुलीस तितकाच उशीर झाला की तिचे नाव काढून घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. पासाचे पैसे देऊन ही अडचण सुटत नाही.

म्हणून ट्रस्टच्या मदतीच्या अर्जात घर सोडण्याची वेळ व परतण्याची वेळ, असे दोन रकाने असावेत, अशी आमची सूचना आहे. जिचा दिवस फार लांबतो, तिला पासाऐवजी सुरतेतील वसतिगृहाचा खर्च द्यावा. तो पासाहून पुष्कळ जास्त येईल, हे आम्ही जाणतो.