गरम झाल्यावरच जाणारा रिव्हर्स

लोडर रिव्हर्स घेईना की पहिला संशय गिअरबॉक्सवर. देवरीकडच्या एका गिट्टी क्रशरवर मला बोलावलं तोवर गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवला होता, तेल-फिल्टर बदलले होते, रिव्हर्सच्या सोलेनॉइडची कॉइलही नवी बसली होती. ऑपरेटर म्हणाला, "सकाळी बरोबर चालते जी. दुपार झाली का मांगं येतच नाही."

मालकानं हे वाक्य आधी ऐकलं असतं तर बराच खर्च वाचला असता. क्लचप्लेटा झिजल्या की गाडी घसरते, दम सोडते. इथे दिवा मालवावा तसा गिअर जात होता, आणि पुढचे गिअर ठणठणीत होते.

कॉइल म्हणजे तांब्याची तार. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो. 20 अंशांना 24 ओहम दाखवणारी कॉइल 100 अंशांना साडेएकतीसच्या आसपास दाखवते; 24 व्होल्टवर 1 अँपिअर जायचा तिथे पाऊण जातो. वायरिंग धड असेल तर तेवढ्यानं काही अडत नाही, बनवणाऱ्यानं ते धरलेलंच असतं. पण वाटेत एखादा जोड कुजलेला असला की तापलेल्या कॉइलला प्लंजर ओढवत नाही. नवी कॉइल थंड असते, म्हणून तासभर चालते आणि काम झालं असं वाटतं. दुकानदाराचा धंदा त्या तासावर चालतो.

तेव्हा गाडी बिघडेपर्यंत चालवा आणि गरम असतानाच तपासा. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. क्रशरवर दगडांना तोटा नाही. कॉइलचा कपलर काढून व्होल्ट मोजू नका. मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीतली एक तार शाबूत असली तरी तो पूर्ण 24 दाखवतो. कपलर लावलेलाच ठेवा, इग्निशन चालू करून रिव्हर्स टाका आणि मागून पिन सरकवून मोजा. मला 17 मिळाले. मग कॉइलची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावला. तिथे अर्धा व्होल्टही नव्हता, म्हणजे दोष पॉझिटिव्हच्या वाटेत. चेसिसच्या वळणावर वायर घासून आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

व्होल्ट पूर्ण आले असते तर मी फॉरवर्डची कॉइल, तशीच असेल तर, रिव्हर्सवर चढवून पाहिली असती. बिघाड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्रेशर गेज लावा. गिअरबॉक्सचा नंबर त्यानंतर.

कंट्रोलर प्रवाह तोडून-तोडून देतो अशा गाड्यांत मात्र व्होल्टचा आकडा फसवतो. तिथे आधी कोड वाचा, आणि टेस्टलॅम्प लावायच्या भानगडीत पडू नका, कंट्रोलर जळू शकतो.

कंट्रोलरला वेल्डिंगचाही धोका असतो, आणि क्रशरवर बकेटच्या दातांना वेल्डिंग कायम चालू असतं. त्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि कंट्रोलरचा कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ बकेटलाच लावा, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नको.