मूल घरी एकटे केव्हा राहील?

खुरपणीचे दिवस होते. गावातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या पोराला आठ वर्षं झाली. त्याला घरी ठेवून आम्ही दोघं खुरपणीला जाऊ का? धाकटी तीन वर्षांची आहे. तिलाही तोच बघेल."

प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार? आणि पोराला काही झाले तर ती मजुरी काय कामाची?

आपल्याकडे कायद्याने यासाठी अमुक वय ठरवून दिलेले नाही. ते आई-बापांनीच ठरवायचे. आम्ही शाळेत पुष्कळ मुले पाहिली. कोणी नऊ वर्षांचे शहाण्यासारखे वागते. कोणी बारा वर्षांचे काड्यापेटीशी खेळते. म्हणून आम्ही त्या मुलालाच बोलावले.

"बाळ, घरात साप निघाला तर काय करशील?"

"काठीनं मारीन!"

"गॅसचा वास आला तर?"

"दिवा लावून बघीन."

"कोणी अनोळखी माणूस म्हणाला, आईनं बोलावलंय, चल, तर?"

"जाईन."

बाईंनी कपाळाला हात लावला. पोरगा हुशार होता. पाढे तोंडपाठ होते. पण ही उत्तरे जिवावर बेतणारी होती.

साप दिसला तर त्याच्यापासून दूर व्हावे. बाहेर येऊन मोठ्या माणसाला हाक मारावी. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये. ठिणगी उडून भडका होतो. दार उघडून सरळ बाहेर पडावे. अनोळखी माणसाबरोबर कधी जाऊ नये.

हे नुसते सांगून भागत नाही, बरे का! मुलाकडून करून घ्यावे लागते. घोकलेले घाबरल्यावर आठवत नाही. आधी दळण आणण्यापुरते त्याला घरी ठेवावे. मग बाजाराला जाऊन यावे. नंतर अर्धा दिवस. परत आल्यावर रागे भरू नये. काय केलेस, भीती वाटली का, असे विचारावे. मूल भ्याले असेल तर अजून वेळ आहे, असे समजावे.

घरही तपासावे. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. पुष्कळ लोक ते सरबताच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवतात. मुलाला काय कळणार? पाण्याचा हौद झाकावा. शेजारच्या काकूंना सांगून जावे. घरी फोन असेल तर 112 आणि 108 हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. पहिला कोणत्याही संकटात मदतीसाठी, दुसरा रुग्णवाहिकेसाठी.

आणि बाहेरून कुलूप लावून मुलाला कोंडू नये. आग लागली तर ते बाहेर कसे येणार?

धाकटीचे मात्र आम्ही साफ नाही म्हटले. आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यात तीन वर्षांचे पोर बांधू नये. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते हौदापाशी जाते. तिच्यासाठी अंगणवाडी आहे. शिवाय पोराची शाळा? 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला आहे.

आमच्या हजेरीपटात खुरपणीच्या दिवसांत मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच असे. धाकट्या भावंडांना त्या सांभाळत. त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत. आम्ही तेव्हा लाल शाईने नावे कमी केली. घरी जाऊन विचारले नाही. ते अजून टोचते.

बाईंनी त्या साली धाकटीला अंगणवाडीत घातले. पोरगा शाळा सुटल्यावर आजीकडे जाई. दोन वर्षांनी त्या त्याला घेऊन पुन्हा आल्या. आम्ही तेच विचारले.

"साप निघाला तर?"

"बाहेर येईन. काकूला हाक मारीन."

बाकीची उत्तरेही बरोबर आली. पुढच्या रविवारी बाई त्याला घरी ठेवून खुरपणीला गेल्या. दुपारी एकदा मात्र येऊन बघून गेल्या.